दुसऱ्या बाईंचा शेष

तापमापींच्या कारखान्यात त्यांना सगळे 'दुसऱ्या बाई' म्हणत. पहिल्या तपासनिसानं पास केलेली तापमापी पुन्हा पारखायची, एवढंच काम. पहिला तपासनीस कधी चुकत नसे, आणि हाच बाईंच्या नोकरीतला मोठा वैताग होता. निवृत्तीच्या दिवशी नवरा म्हणाला, "चल, आता घरात तरी पहिली हो."

झालं उलटंच. भाच्यानं जुना संगणक आणून दिला आणि बाई प्रचंड अविभाज्य संख्या शोधणाऱ्या एका मंडळात फुकटच्या कामाला लागल्या. दोनाला दोनानं कोट्यवधी वेळा गुणायचं, त्यातून एक वजा करायचा. उरेल ती संख्या स्वतः आणि एक सोडून कशानंच भागत नाही ना, हे पाहायचं. संख्या अशी, की लिहून काढली तर कपाट भरावं. भागून बघायला सात जन्म पुरायचे नाहीत, म्हणून आडवाट: चारापासून सुरुवात, वर्ग करा, दोन वजा करा, त्या कपाटभर संख्येनं भागून शेष ठेवा, पुन्हा त्याचा वर्ग. कोट्यवधी फेऱ्यांनी शेष शून्य आला तर संख्या अविभाज्य. मध्ये एक आकडा घसरला तर सगळं मुसळ केरात. म्हणून प्रत्येक संख्या दोघं तपासतात. बाईंच्या वाट्याला कोणतं काम आलं, हे सांगायला नको.

बाईंना मिळालेली संख्या आधी ज्यानं तपासली होती, त्या पहिल्याचा शेष शून्य नव्हता. तो चुकला असेल, एवढीच बाईंची आशा.

हिवाळ्यात यंत्राची ऊब बरी वाटली. उन्हाळा लागला तशी झोपायची खोली भट्टी झाली, आणि नवऱ्याला आधीच दम्याचा त्रास.

"ते तरी ठेव, नाहीतर मला तरी ठेव," तो धापा टाकत म्हणाला.

तोडगा निघाला. बाईंचे आणि पहिल्याचे शेष जुळले तर यंत्र भंगारात. नाही जुळले तर दोघांपैकी एक चुकला, संख्या पुन्हा जिवंत. मग यंत्र राहील.

एका दुपारी गणित संपलं. शून्य नव्हतंच. मंडळानं झाकून ठेवलेला पहिल्याचा शेष शेजारी उघडला. दोन्हींच्या शेपटाची काही चिन्हं तेवढी ताडून पाहायची. बाईंच्या एका डोळ्याला ऑपरेशनची पट्टी, म्हणून नवरा वाचू लागला. त्यानं मध्येच बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. शेवटच्या चिन्हाशी थबकला.

"तुझा सात. त्याचा एक. नाही गं जुळत."

बाईंचा चेहरा उजळला. पण सवय मेली जाते थोडीच? त्यांनी कारखान्यातलं भिंग काढलं आणि उघडा डोळा पडद्याला लावला.

"अहो, दोन्हीकडे सातच आहे."

"असं? चष्मा बदलायला हवा."

"मागच्याच महिन्यात बदललाय."

नवरा खोकला. मग विषय बदलावा म्हणून म्हणाला, "बरं, कशानं भागते ही तुझी संख्या?"

"ते या तपासणीत कळत नाही. भागते, एवढं नक्की."

"माझा जीव मेटाकुटीला आणलास, आणि कशानं भागते ते माहीत नाही?"

"कुणालाच नाही."

बाईंनी 'जुळला' असं कळवलं आणि प्लग उपसला. पंखा घरघरत थांबला. त्यांनी खिडकी उघडली, पलंगावरची चादर झटकली.

नवरा आडवा झाला. "आवाजाची सवय झाली होती गं. आता झोप लागेल की नाही कोण जाणे."

"तुम्ही आधी झोपून बघा," बाई भिंग पुसत म्हणाल्या. "मी मागाहून तपासते."