वीस हजारांचा कीबोर्ड आणि अकरावी सूचना

दिग्विजयच्या खोलीत देवाचा फोटो एक होता आणि कीबोर्ड नऊ. पुण्याच्या कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली आणि तो कडेगावला परतला, तेव्हा गल्लीला पहिल्यांदा कळलं, की कीबोर्ड हीसुद्धा हौसेनं पाळायची गोष्ट असते. बटणं एकीकडून मागवायची, सांगाडा दुसरीकडून, आतल्या स्प्रिंगा तिसऱ्याच देशातून. मग बारक्या ब्रशनं एकेका बटणाच्या पोटात ग्रीस लावत बसायचं. सत्त्याऐंशी बटणं, सत्त्याऐंशी वेळा.

"पोरगं इंजिनिअर झालं म्हणून गावभर पेढं वाटलं," त्याची आई चंद्राबाई शेजारणीला सांगायची, "आन् आता बसलंय बटणांना तेल पाजत."

एवढा महागाचा कीबोर्ड खरंच चांगला असतो का, असं कुणी विचारलं की दिग्विजय वाद घालत नसे. कीबोर्ड पुढं सरकवायचा. "दाबून बघ. आवाज ऐक." आवाज खरंच सुरेख होता, विहिरीत खडा पडावा तसा खोल आणि गोल. समोरचा मान डोलवायचा, किंमत विचारायचा आणि चहा न घेताच उठायचा.

त्याची थोरली बहीण उत्कर्षा त्याच गावात दिलेली. नवरा मानसिंग फौजेत हवालदार, वर्षभरात सुटून येणार. तो यायच्या आत घरात एक पक्की नोकरी असावी म्हणून तिनं कोर्टातल्या लिपिकाच्या जागेचा अर्ज भरला. लेखी परीक्षेत पास झाली. उरली टायपिंगची चाचणी, मिनिटाला तीस शब्द. वय अडतीसला टेकलेलं. पुढच्या जाहिरातीला ती वयात बसणार नव्हती, त्यामुळं संधी हीच आणि एकच.

ती आप्पासो सरांच्या टायपिंग क्लासला जायची. तिथं बारा संगणक आणि बारा वयांचे कीबोर्ड. कशावरची अक्षरं पुसलेली, कशावर नेलपॉलिशनं खुणा केलेल्या. एकदा तिला आणायला गेलेल्या दिग्विजयनं एक बटण दाबलं आणि कडू औषध प्याल्यासारखं तोंड केलं.

"सर, हे कीबोर्ड न्हाईत. पत्र्याचं डबं हायत."

"व्हय की," आप्पासो सर म्हणाले, "ह्याच डब्यांवर चाळीस जण सरकारी नोकरीला लागलं. तुमचं काय म्हणणं, इंजिनिअरसाहेब?"

"ताईची बोटं मरत्यात हितं. मी तिला बनवून देतो एक."

"द्या की. पर परीक्षेला हातात काय मिळतंय, तेवढं बगून घ्या."

"आपला आपण न्यायचा, सर. मोठमोठ्या स्पर्धांना लोक स्वतःचाच नेत्यात."

हे खोटं नव्हतं. फक्त त्या स्पर्धा गेम खेळायच्या होत्या.

तीन आठवडे खपून त्यानं बहिणीचा कीबोर्ड जुळवला. सगळा मिळून वीस हजाराला पडला. तिची बोटं नाजूक म्हणून स्प्रिंगा हलक्यात हलक्या निवडल्या. बटण अर्ध्यावर गेलं, की अक्षर उमटायचं. उत्कर्षानं पहिली ओळ टंकली आणि नव्या साडीवरून फिरवावा तसा कीबोर्डावरून हात फिरवला. "दिग्या, ह्याला तर नुसतं सांगितलं तरी कळतंय रं!" तिनं क्लासला जायचं सोडलं. दीड महिन्यात ती एकतीसवरून त्रेचाळीसवर गेली. दिग्विजय मोबाईलवर वेळ लावून बसायचा आणि आकडा स्वतःचाच असल्यासारखा गावात सांगत फिरायचा.

हॉलतिकीट आलं. पहिलं पान त्यानं छापून आणलं.

"दुसरं पान?"

"सूचना हायत. त्याच त्या असत्यात, ताई."

चाचणीच्या दिवशी सांगलीतल्या केंद्रावर गेटवरच्या माणसानं उत्कर्षाच्या हातातलं खोकं उघडायला लावलं. "आवं, हे काय, पेटी? आत भजन न्हाई, परीक्षा हाय."

"कीबोर्ड हाय. तिचा स्वतःचा."

"सूचना अकरा वाचली न्हाई? स्वतःचं काय बी आत न्यायचं न्हाई."

दिग्विजय गुणवत्तेवर बोलायला लागला. स्प्रिंगा, ग्रीस, बोटांवरचा ताण. मागची रांग हसायला लागली. उत्कर्षानं त्याचा दंड धरला, खोकं त्याच्या हातात दिलं आणि आत गेली. तो बाहेर कडुनिंबाखाली ते खोकं मांडीवर घेऊन बसला, आजारी लेकरू घेऊन बसावं तसा.

तासाभरानं ती आली. तो खोकं सावरत उठला.

"अक्षरं गळली," ती म्हणाली. "बोटं वरच्यावर फिरत राहिली. तुझ्या कीबोर्डवर बोट टेकलं की उमटतंय. तिथं पार तळाला दाबल्याबिगर उमटंना. ध्यानात आलं तवर चार मिनिटं गेलीवती."

परतीच्या एसटीत खोकं दोघांच्या मधे होतं. "ह्याचं हाफ काढू का फुल?" कंडक्टरनं थट्टा केली. एरवी दिग्विजयनं उलट टोला हाणला असता. आज तो खिडकीबाहेरचा ऊस बघत राहिला.

निकाल लागला. सत्तावीस शब्द.

उत्कर्षा त्याला एका शब्दानं बोलली नाही, आणि हेच त्याला सोसवेना. आईनं रडून घेतलं. मानसिंगनं फोनवर "असू दे, बगू काय तरी" म्हटलं. आप्पासो सर रस्त्यात भेटले, तर त्यांनी ऊसतोडीची चौकशी केली. बोल लावला असता तर निदान त्याला भांडता तरी आलं असतं. कीबोर्डवाल्यांच्या ग्रुपवर कुणीतरी नव्यानं तोच प्रश्न टाकला, एवढे पैसे घालून खरंच चांगला मिळतो का. दिग्विजयनं "हो" लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. तो खरंच चांगला होता. त्यात एकही खोट नव्हती. खोट असती, कडक असता, अधूनमधून अडकत असता, तर ताई आज कोर्टात बसली असती. त्यानं उत्तर न देताच फोन ठेवला.

दोन महिन्यांनी आप्पासो सरांचे डोळे अधू झाले आणि त्यांनी सकाळची बॅच उत्कर्षाकडं दिली. पगार बेताचा. जाताना ती दिग्विजयकडून ते खोकं मागून घेऊन गेली. का, ते सांगितलं नाही.

एक दिवस तो क्लासच्या दारात जाऊन उभा राहिला. आत डब्यांचा खडखडाट चालू होता आणि त्यात मधूनच विहिरीतला खडा वाजत होता. सात नंबरच्या संगणकाला त्याचा कीबोर्ड होता. प्रांजल नावाची मुलगी त्याच्यावर भलतीच खुशीत टायपिंग करत होती.

"ताई," तो हळूच म्हणाला, "राग हाय का गं माझ्यावर?"

उत्कर्षानं घड्याळाकडं बघितलं आणि टाळी वाजवली. "चला, उठा. प्रत्येकानं एक जागा पुढं सरका. प्रांजल, तू बी."

"बाई, मला हितंच बसू द्या की. हा लय भारी हाय."

"म्हणूनच उठ."

पोरी कुरकुरत सरकल्या. प्रांजल आठ नंबरच्या डब्यावर जाऊन बसली, बटण तळापर्यंत दाबून बघितलं आणि कडू औषध प्याल्यासारखं तोंड केलं. दिग्विजयनं चपला घातल्या. त्याचं उत्तर त्याला मिळालं नव्हतं, आणि परत विचारायचा धीरही नव्हता.