दारावरून पुढे गेलेली गाडी

परवा गाडीचे टायर बदलायला हे आणि मी गॅरेजात गेलो आणि तिथल्या वंगणाच्या वासाने मी थेट हिंगणीला, माहेरच्या ओसरीवर जाऊन पोचले. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. सेलूचे शेतकरी पाहुणे मला बघायला यायचे होते. मी खिडकीतून पाहत होते. त्यांची मळकी पांढरी अँबॅसिडर आली आणि आमच्या दारावरून बैलाच्या चालीने तशीच पुढे गेली. मागे बसलेल्या पाहुण्यांनी हात जोडले, मुलगा मात्र स्टिअरिंग घट्ट धरून, पाय दाबत, केविलवाणा माझ्याकडे बघत होता. "न पाह्यताच नापसंत केली काय?" बाबा पुटपुटले. गाडी शेजारच्या खळ्यात तुरीच्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगात नाक खुपसून थांबली. मुलाचे वडील शांतपणे उतरले. "वाटेत पंक्चर झाली. चाक काढलंच होतं, त म्या आतलं डबडं खोलून वाटेवरच्या एका बैलबंडीतलं वंगण देल्लं. चाक कोरडं चढवते काय कोणी? अन् एकालेच काऊन द्याव, चारीले देल्लं." मुलगा डोक्यावरचं कुटार झटकत म्हणाला, "बाबा, ते ब्रेक होते." मी खिडकीतच खदखदून हसले. आई आतून डोळे वटारत राहिली, पण माझं हसू थांबेना. परवा गॅरेजवाल्या पोराने विचारलं, "काका, चाकं चढवू?" तर हे म्हणाले, "थांब, आधी मले आतून पाहू दे," आणि माझ्याकडे बघायचं टाळत वाकले.