पपईची रोपं तपासताना आलेली विनंती

मुरुडच्या कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवतो. डीएनए तपासायचं एक स्वस्त यंत्र आम्ही तिथेच जुळवलंय. पपईचं रोप नर की मादी, हे एरवी फुलं आल्यावरच कळतं. यंत्र पानाच्या तुकड्यावरून काही तासांत सांगतं.

आज शेजारच्या गावातल्या एक मावशी सुनेला घेऊन आल्या. घरच्या बियांची बारा रोपं होती. त्यातली सात नर, म्हणजे फळ न धरणारी, निघाली.

"बरं झालं, उपटून टाकते," मावशी म्हणाल्या. मग खुर्ची जवळ ओढून घेतली. "सर, सुनंला तिसरा महिना हाय. पयल्या दोन्ही पोरीच. तिच्या रक्तावरून बी कळत असंल की?"

"नाही मावशी. गुन्हा आहे तो."

"पपईला चालतंय अन् माणसाला न्हाई व्हय?" त्या हसल्या. "ऱ्हाऊ द्या. दुसरीकडं इचारू."

त्या चपला घालायला बाहेर गेल्या. सून रोपांचा ट्रे उचलायला मागे राहिली. हळू आवाजात म्हणाली, "सर, रक्त तपासल्यासारखं करा अन् पोरगा हाय म्हणून सांगा त्यांना. पुढचं मी बघते."

मी तिलाही नाही म्हणालो. कायदाही तेच सांगतो. ती ट्रे घेऊन गेली.

तेव्हापासून यंत्र बंद करून बसलोय. फार थकलोय. मावशी दुसरीकडे विचारतील, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही.

तुम्ही तिला काय सांगितलं असतं?