उघड्या तारेची शेगडी

आईच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मास्तर, हा गेला तो गेला. उजवा राखायचा असेल तर धूर बंद करा." जणू धुराला मीच घरात आणून बसवलं होतं! रत्नागिरीत पावसाळ्यात सरपण ओलंच असायचं. फुंकणीने फुंकून फुंकून चूल पेटायची, आणि पेटेपर्यंत स्वयंपाकघरात माणूस माणसाला दिसायचा नाही. घरात आम्ही दोघंच. वडील मागेच गेलेले, माझं लग्न व्हायचं होतं. रॉकेलचा स्टोव्ह आणून पाहिला, पण त्याच्या वासाने आईला मळमळायचं आणि त्यावरचा नैवेद्यही तिला चालायचा नाही. घरात वीज येऊन वर्ष झालं होतं. तेव्हा मी ठरवलं, विजेची शेगडी घ्यायची.

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागल्यावर, पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आत, मी मुंबई गाठली. दुकानात दोन तऱ्हा होत्या. एक झाकलेली, म्हणजे वर काळी लोखंडी थाळी आणि तार तिच्या पोटात. दुसरी उघडी. भाजलेल्या मातीची पांढरी चकती, तिच्यात गोल गोल खाचा आणि खाचांत वेटोळी तार. दुकानदाराने दोन्ही लावून दाखवल्या. थाळी तापली तरी काळीच. उघडी मात्र बघता बघता लालबुंद झाली.

"घरात वयस्क बाई वापरणार असेल तर झाकलेली न्या," दुकानदार म्हणाला. "उघडीला पाणी चालत नाही."

पण मी मोठा शहाणा! निघताना आईने एकच अट घातली होती. "विस्तव दिसला पाहिजे हो. न दिसणाऱ्या विस्तवावर मी भात चढवायची नाही." तिचंही चूक नव्हतं. जाळ बघूनच तिने जन्मभर भाताची आच ठरवली होती. अर्धा तास मी त्या दोन शेगड्यांपुढे ताटकळलो, दुकानदाराला वैताग आणला, आणि उघडी घेतली. रत्नागिरी बंदरात बोटीतून किनाऱ्याला नेणाऱ्या पडावात उतरताना ती मी हमालाच्याही हाती दिली नाही.

वायरमनने जाड तार ओढून दिली. आईने शेगडीच्या कडेला हळदकुंकू लावलं आणि बटण दाबलं. तार लाल झाली तशी तिचा चेहराच बदलला. मी तिला दहा वेळा बजावलं, "आई, हिच्यावर पाणी सांडू द्यायचं नाही." ती इतकी जपायची की भात उतू जाऊ नये म्हणून तो होईपर्यंत जागची हलायची नाही. आठ दिवस घरात धूर नव्हता. मी डॉक्टरांना रस्त्यात गाठून तसं सांगितलंही.

नवव्या दिवशी संध्याकाळी तिने बटण दाबलं आणि फट्‌ आवाज झाला. जळका वास सुटला, घरातले दिवे गेले. कंदील घेऊन बघतो तर शेगडी सारवलेली! लाल माती आणि शेण, खाचा बुजवून सपाट, कडेला चार बोटं उमटलेली.

"हे काय केलंस?"

"सारवली. आठ दिवस नुसती फडक्याने पुसत्ये, मनाला बरं वाटेना. ज्यावर अन्न शिजतं ते असं पारोसं ठेवायचं?"

"पाणी लावू नको म्हटलं होतं ना!"

"सांडू नको म्हणालास. एक थेंब सांडला नाही मी."

मी जे ओरडलो ते इथे लिहीत नाही. ती खाली मान घालून केसांतल्या आकड्याने खाचांतली माती उकरत बसली. खरं तर मातीची वस्तू, वर विस्तव, म्हणजे आमच्याकडची कोणतीही बाई ती सारवणारच. रोज दुपारी जेवणं झाली की तिला चूल सारवताना मी लहानपणापासून बघत होतो. दुकानात मला हे सुचू नये?

वायरमनने तुटलेल्या तारेला पीळ घालून जोड दिला. तो दोन दिवस टिकला. दुसरा जोड एकच दिवस. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "मास्तर, ही काय आता टिकायची नाय." बोटी बंद झाल्या होत्या. मी दुकानदाराला पत्र टाकलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, तार कितव्या नंबरची? मला काय ठाऊक! तुटका तुकडा पाकिटात घालून पाठवला. श्रावणात पार्सल आलं, त्यातली तार इतकी जाड की खाचेत बसेना. ती मी रागाने परसात भिरकावली, आणि मग पावसात भिजत शोधत बसलो.

तोवर चूल सुरूच होती. आई डोळ्यावर ओला पदर धरून फुंकायची. मी एकदोनदा म्हटलं, "मी करतो भात." ती म्हणाली, "तू शाळा बघ." आणि मी ऐकलं. आज सगळ्यात जास्त चीड मला त्याचीच येते. भात शिजवायला असं काय लागतं? डोळा कसा आहे विचारलं की ती म्हणायची, "बरा आहे." भाद्रपदात भातात खडे येऊ लागले. मी त्यावरही कुरकुरलो.

बोटी सुरू झाल्या तशी मी पहिल्याच बोटीने जाऊन झाकलेली शेगडी आणली. बटण दाबलं. थाळी तापली, तरी काळीच्या काळीच. मी ओशाळून म्हटलं, "आई, हिचा विस्तव दिसत नाही. हात जवळ नेऊन अंदाज घ्यावा लागेल."

तिने हात पुढे केला, थोडा चाचपला आणि थाळीवर अधांतरी धरला.

"तापली की," ती म्हणाली. "ही चालेल. चुलीतलासुद्धा मला आता कुठे दिसतोय?"