यादीत माझं नाव नव्हतं

पायथन या संगणकाच्या भाषेत कोणी माझी चूक काढली, तर मी आधी चूक बघत नाही, काढणाऱ्याकडे बघते. नवरा म्हणतो हा गर्व आहे. असेल. सतरा वर्षं हेच काम करतेय, आधी हैदराबादला आणि नंतर इथे आदिलाबादला घरून. रविवारी आमच्या पुढच्या खोलीत सहा-सात जण लॅपटॉप घेऊन येतात. नवखे नाहीत, सगळे माझ्यासारखे मुरलेले नोकरदार. कोणी बोथहून मोटारसायकलवर येतो, एक तर बेल्लमपल्लीहून बसने. त्यांना मी भाषेतल्या खोलातल्या गोष्टी शिकवते आणि शिकवता शिकवता भरपूर ऐकवते. "चालतंय म्हणजे बरोबर आहे, असं समजू नका," हे मी इतक्यांदा म्हटलंय की आता माझ्या आधी तेच म्हणतात.

गावातल्या ओ निगेटिव्ह रक्तदात्यांची यादी सांभाळायचं काम माझ्याकडे आलं, ते याच नावलौकिकामुळे. ती यादी वापरणारे एकच, निवृत्त पोस्टमास्तर काका. दात्यांना फोन तेच करायचे. या गटाचे दाते आमच्याकडे मोजून अकरा, आणि त्यातली एक मी. पुरुषाने रक्त दिलं की तीन महिने आणि बाईने दिलं की चार महिने पुन्हा घेत नाहीत. माझा प्रोग्राम रोज सकाळी प्रत्येकाची मागची तारीख तपासायचा आणि आज कोणाला बोलावता येईल ती नावं काकांना पाठवायचा. यादीत नाव आल्याशिवाय कोणी जायचं नाही, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं.

ही सगळी धडपड मुख्यतः एका नऊ वर्षांच्या मुलीसाठी होती. तिचा गट हाच आणि तिला थॅलेसेमिया, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. आईबाप महाराष्ट्राच्या सीमेवरच्या खेड्यात कापूस आणि ज्वारी करतात. ठरल्या दिवशी आई तिला पहिल्या बसने घेऊन यायची आणि रक्त चढलं की मुलगी गालभर हसत परत जायची.

गणपतीत मला हुक्की आली आणि मी तो प्रोग्राम नव्याने लिहिला. जुना नीट चालत होता, पण मला तो गबाळा वाटायचा. साठ ओळींच्या वीस केल्या, सर्व्हरवर चढवला आणि दुसऱ्या दिवशी यादी बरोबर आलेली पाहून लॅपटॉप मिटला. फार खूश होते मी त्या दिवशी.

दिवाळीनंतर काका म्हणाले, "यादी बारीक होऊन राह्यली, बाई." मी म्हटलं, लोक रक्त देतायत, नावं उतरणारच. डिसेंबरात दोनच नावं उरली, तेव्हा मी काकांनाच चार शब्द सुनावले की नवे दाते शोधा, लोक आळशी झालेत. उतरलेली नावं परत चढत का नाहीत, हे मी विचारायला हवं होतं. दुसऱ्या कोणाचा प्रोग्राम असता तर पहिल्या मिनिटाला विचारलं असतं.

संक्रांतीच्या आठवड्यात यादी कोरी आली. मुलगी दवाखान्यात येऊन पडली होती. तिसऱ्या दिवशी मी तिला बघायला गेले. ओठ पांढरेफटक, बोलायचंही त्राण नाही. मी दिलेला तिळाचा लाडू तिने मुठीत नुसता धरून ठेवला.

आईने मला विचारलं, "बाई, तुमचा गट बी हाच हाये नं?"

"हाच."

"मंग तुमी काऊन नाही देऊन राह्यल्या?"

मी शिक्षिकेच्या आवाजात समजावलं, की माझे चार महिने अजून भरले नाहीत, भरले असते तर यादीत नाव आलं असतं.

ती बोटं दुमडत मोजायला लागली. "तुमी दिलं तवा पोळा होता. बैल सजवाचे होते म्हनून इचा बाप आला नव्हता. ते पोळ्याची अमावस्या. मंग पितरांची, मंग दिवाळीची, त्याच्यानंतर दोन गेल्या. चार महिने तं कवाच झाले."

मी खिशातला फोन काढून तारखा मोजल्या. तिचा हिशोब चोख होता. मी तडक रक्तपेढीत गेले आणि आधी हात पुढे केला.

मग बाहेरच्या बाकावर लॅपटॉप उघडला. चूक सापडायला दोन मिनिटंही लागली नाहीत. पायथनमध्ये प्रोग्रामचा एक तुकडा, म्हणजे फंक्शन, लिहितानाच त्याला एखादी किंमत आधी देऊन ठेवता येते. मी तिथे 'आजची तारीख' दिली होती. पण ती किंमत प्रोग्राम सुरू होताना एकदाच ठरते, मग फंक्शन हजार वेळा बोलवा, तीच राहते. माझा सर्व्हर गणपतीपासून बंदच झाला नव्हता, त्यामुळे प्रोग्रामच्या लेखी रोज गणपतीच चालू होते. पोळ्याला रक्त दिलेल्या बाईला तो कसा बोलावणार? ही चूक मी दर नव्या माणसाला पहिल्याच रविवारी विचारते आणि ज्याला ओळखता येत नाही त्याची रेवडी उडवते.

एक शब्द बदलून प्रोग्राम पुन्हा चालवला. पाच नावं आली. सगळ्यांत वर माझं, चोवीस दिवसांपासून उपलब्ध.

संध्याकाळी मुलीला रक्त लावलं. थेंब थेंब उतरू लागल्यावर मी तिच्या आईजवळ बसले आणि सांगून टाकलं. दाते आटले नव्हते. चूक माझी होती, मीच लिहिलेल्या एका ओळीची.

"म्हंजे हे तीन दिवस रक्त होतं?" तिने विचारलं.

"होतं. पाच जणांचं होतं."

ती रागावेल असं वाटलं होतं, रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने मुलीच्या पायांवरची चादर सारखी केली.

"इचा बाप परवाच निंगाला होता मंचेरियलले, तिकडं कोनी भेटते का पाहाले," ती म्हणाली. "मीच जाऊ नाही देलं. म्हन्लं, बाईची यादी हाये, ते चुकत नाही."