माझा हात थांबेपर्यंत

पुण्याहून आलेल्या पोरीनं पहिल्याच दिवशी मला विचारलं, "काकू, काका गाणं ओके कधी करतात, ते तुम्हाला कळतं का?" मी म्हणलं, "मला काय ठाऊक बाई, त्यांनाच विचार." सरळ थाप मारली. ते गुपित आम्हा दोघांचं होतं आणि ती कॅमेरा घेऊन आलेली.

आमच्या ह्यांच्यावर ती माहितीपट करणार होती. हे आता नाहीत, पण तेव्हा होते आणि कॅसेटी काढायचे. शहागंजच्या मागं आमच्या घराच्याच दोन खोल्यांत स्टुडिओ. भिंतींना गोधड्या ठोकलेल्या, खिडकी विटांनी बुजवलेली, पंखा नाही, कारण पंखा आवाज करतो. भारुडं, कव्वाल्या, लग्नाची गाणी, धनगरी ओव्या, ह्यांनी काय काढलं नाही ते विचारा. पाचोडच्या बाजारात माझ्या माहेरची माणसं त्या कॅसेटी घ्यायची आणि निरोप धाडायची, जावयाचं गाणं लई भारी निघालं. गाणारा वेगळाच असायचा, पण माहेरच्यांना कोण समजावणार.

नवीन लग्न झालं तेव्हा ह्यांनी मला स्टुडिओच्या कोपऱ्यात बसवलं. म्हणाले, भिंतीकडं बघून माणूस गात नाही, समोर कुणीतरी लागतं. मी शेतकऱ्याची लेक, हात रिकामे ठेवून बसायचं म्हणजे मला शिक्षाच. डाळ निवडली तर सूप माईकला ऐकू जातं. मग मी कापूस घेतला आणि मांडीवर वाती वळत बसले. एक दिवस एका बाईनं पाळणा असा म्हणला की माझा हात अर्ध्या वातीवर तसाच राहिला. हे मशीनपाशी होते आणि माझ्याकडंच बघत होते. म्हणाले, "ओके."

तेव्हापासून तीच रीत पडली. माझा हात चालू असला की "पुन्हा एकदा", थांबला की "ओके". मी काही बोलायचे नाही, ह्यांनी काही विचारायचं नाही. गाणारे बाहेर जाऊन सांगायचे, उस्तादांचा कान लई तयार आहे. मला आतल्या आत हसू यायचं.

मग आमची लेक गेली. एकुलती एक, कॉलेजात शिकणारी. साधा ताप म्हणता म्हणता डोक्यात गेला. दवाखान्यात तिच्या तोंडावर चादर ओढली तेव्हा हे माझ्याकडं बघून फक्त "चला" म्हणाले. इतक्या हळू, जशी पाहुण्यांच्या घरून निघायची वेळ झाली असावी. तो आवाज माझ्या कानातून जात नाही.

त्या दिवसापासून मी देवापुढं दिवा लावला नाही. आजही लावत नाही, कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे. पण वाती वळणं काही सुटलं नाही. ज्याचं तोंड बघायचं नाही त्याच्या नावानं टोपल्या भरल्या. शेजारणी देवळात न्यायच्या. न्या म्हणायचे, माझ्या काय कामाच्या.

हे महिन्याभरात पुन्हा मशीनवर बसले आणि मला कोपऱ्यात बसवलं. आणि माझा हात काही थांबेना. गाणं चांगलं असो की रद्दी, मला सगळं सारखंच. हे म्हणायचे, "पुन्हा एकदा." दिवस दिवस तेच. गाणारे वैतागून दुसरीकडं गेले. गल्लीत लोक म्हणायला लागले, म्हातारा सटकला. एकदा मी भांडलेच. म्हणलं, "अहो, तुम्हाला देवानं कान दिलेत ना? करा की तुमचं तुम्ही ओके." हे खाली बघून म्हणाले, "तुझ्याबगैर मला कळत नाय."

पुढं पुढं तर हे गाणीही तसलीच निवडायला लागले. सासरी निघालेली लेक, मायलेकींची भेट. मला न कळायला मी काय दूधखुळी होते? ह्यांना मला रडवायचं होतं, बाकी काही नाही. अंगाचा तिळपापड व्हायचा माझ्या. मग हात जास्तच जोरात चालायचा.

अशात ती पोरगी आली. तिनं जुन्या कॅसेटी ऐकल्या होत्या, तिला ह्यांचं काम बघायचं होतं. हे एकदम जिवंत झाले. नवा सदरा शिवला, गोधड्या उन्हात घातल्या. ठरलं असं की एक गाणं पहिल्यापासून ते "ओके" होईपर्यंत चित्रपटात दाखवायचं. मला तिथंच धडकी भरली. ते "ओके" आलंच नाही तर? सगळ्या जगाला दिसणार होतं की ह्या माणसाच्या हातून आता गाणं पुरं होत नाही.

गायला लासूर स्टेशनकडचा एक मेंढपाळ आणला होता. आवाज असा की दगडाला पाझर फुटावा. गाणं अर्थात लेकीचंच. सकाळी बसला तो दुपार झाली तरी "पुन्हा एकदा" चालूच. शेवटी बिचारा माझ्याकडं वळला. म्हणाला, "बाई, तुमी तरी सांगा, गळा बसला माझा." मी ह्यांच्याकडं बघितलं. सदरा घामानं भिजलेला, बोट अजून मशीनच्या बटणावरच. तेवढ्यात ती पोरगी कॅमेरा धरलेल्या आपल्या जोडीदाराच्या कानात कुजबुजली, "काकांना आता जमत नाहीये बहुतेक."

ते मला झोंबलं. माझ्या नवऱ्याला मी काय वाटेल ते बोलेन. दुसऱ्यानं बोलायचं काम नाही.

मेंढपाळानं पुन्हा सूर लावला. दुसरं कडवं संपत आलं तसा मी हात थांबवला. ठरवून थांबवला. नजर वातीवरून उचलायची हिंमत झाली नाही. जरा वेळ गेला, मला वाटलं ह्यांनी बघितलंच नाही. मग ऐकू आलं, "ओके." पोरांनी टाळ्या वाजवल्या, मेंढपाळानं हात जोडले. रात्री हे नीट जेवले. दुसऱ्या दिवसापासून स्टुडिओत गेले नाहीत. विचारलं तर म्हणाले, दमलो. मलाही पुन्हा कधी कोपऱ्यात बोलावलं नाही.

पुढं कधीतरी तो चित्रपट गावातल्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवला. हे माझ्या शेजारी, तोच सदरा घालून. मी पिशवीतून कापूस नेला होता, अंधारातही वाती वळता येतात. पडद्यावर माझा हात आला, केवढा तरी मोठा. तो थांबला. आणि मग ह्यांचा चेहरा आला, जो मी त्या दिवशी बघितलाच नव्हता. हे माझ्या हाताकडं बघत होते. मग माझ्या तोंडाकडं. बघतच राहिले. इतकी वर्षं तो हात वाचलेला माणूस, त्याला कळणार नाही होय? सगळं कळलं होतं. डोळे भरले होते. त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "ओके." दवाखान्यात "चला" म्हणाले होते ना, अगदी त्याच आवाजात.

माझा हात थांबला. मी थांबवला नव्हता. लेक गेल्यापासून डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ते तिथं आलं, आवरेना.

मी शेजारी वळून बघितलं. हे पडद्याकडं बघत होते. कोपरानं ढोसावं असं वाटलं, अहो, बघा, थांबला. पण एकदा खोटा थांबवलेला हात, आता खरा आहे म्हणून सांगितलं तरी ह्यांनी कशावरून मानावं? दया दाखवतेय, असंच वाटलं असतं. मी पदरानं डोळे पुसले.

दिवे लागले. ह्यांनी सवयीनं माझ्या हाताकडं बघितलं. मी वात वळत होते.

"चल," म्हणाले.