ताईच्या कागदावरचं ‘थांब’

वायरमनचं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या भिंतींतल्या वायरी शोधण्यात गेलं होतं. जोडणीचा कुठलाही नकाशा द्या, बिघाड कुठे ते बोट ठेवून सांगायचा. थोरल्या बहिणीच्या चित्रांपुढे मात्र त्याची मती गुंग व्हायची. ती मोठाल्या कागदांवर शब्द लिहायची, चौकोन काढायची, बाणांनी ते जोडायची, आणि लोक लांबून बघायला यायचे.

"ताई, ह्यात करंट येतो कुठून?"

"बघणाऱ्याकडून," ती म्हणायची. दोघंही हसायचे.

मग तिला अर्धांगाचा झटका आला. डोक्याचं ऑपरेशन झालं, तरी उजवं अंग गेलं, वाचा गेली. दुखतंय का विचारलं तरी ती मान हलवायची, दुखत नाही ना विचारलं तरी तशीच.

पाचव्या आठवड्यात तिनं डाव्या हातानं एक कागद भरला. वर ‘मी’, खाली ‘तू’, मधल्या वाकड्या चौकोनात ‘थांब’. ‘तू’पासून चौकोनापर्यंत बाण. तिथून ‘मी’पर्यंत नुसती तुटक रेघ.

त्याच दुपारी डॉक्टर म्हणाले, "डोक्याचं अजून एक ऑपरेशन करता येईल. कदाचित जगतील. बोलतील असं मी सांगणार नाही. उद्या सकाळी तुमची सही लागेल."

थांब. म्हणजे इथे माझ्यापाशी थांब? की हे सगळं थांबव? ताई शब्दांची पक्की; थांबव म्हणायचं असतं तर ‘व’ लिहिला असता. पण आता तिची अक्षरं गळत होती. एक ‘व’ हातातून निसटला असेल तर?

तो कागद घेऊन तिची चित्रं प्रदर्शनात मांडणाऱ्या बाईंकडे धावला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. "तुटक रेघ तिच्याकडे नेहमी न घडलेल्या गोष्टीसाठी येते."

"म्हणजे ऑपरेशन करू की नको?"

"ते मी कसं सांगू हो? चित्राचे दोन्ही अर्थ लागतात."

"मला एकच हवाय, बाई."

परत येऊन त्यानं तिच्या बोटांत पेन्सिल दिली. "एकच अक्षर, ताई. हात जोडतो." पेन्सिल चादरीवर घरंगळली. त्यानं स्वतःच ‘व’ लिहून दाखवला. तिनं मान हलवली. खोडून दाखवला. मान हलली. मग ती भिंतीकडे वळली, आणि तो पलंगाच्या दांडीवर डोकं टेकून ढसाढसा रडला.

सकाळी त्यानं डॉक्टरांना नको म्हणून सांगितलं, आणि कामावर रजा टाकून तिच्या उशाशी बसला. थांबवलंही आणि थांबलाही. नवव्या दिवशी दुपारी ती गेली.

प्रदर्शनाच्या वेळी बाईंनी विचारलं, "ह्या कागदाखाली काय लिहू?"

"काही नको," तो म्हणाला. "कुणी विचारलंच तर सांगा, भावाला वाचता आलं नाही."